उरलेली वीज

परळीत रात्री लाइट गेली की गल्लीभर एकच गलका व्हायचा आणि मग दोन-तीन क्षण सगळं चिडीचूप. गावाला लागूनच थर्मल. १९७१पासून तिथं कोळसा जाळून वीज तयार होते, तरी भारनियमनाच्या वर्षांत आमच्या गल्लीला अंधार चुकला नाही. कंदिलाची काच पुसता पुसता आजी विचारायची, "राकेल किती ऱ्हायलंय रं?" या प्रश्नात केवढं भय भरलेलं आहे, ते मला फार उशिरा, एका व्हिडिओ गेमपुढं बसल्यावर कळलं.

'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' हा तो गेम. स्कॉट कॉथन या अमेरिकी माणसानं २०१४मध्ये जवळजवळ एकट्यानं बनवलेला. आपण रात्रपाळीचे राखणदार. रात्री बारा ते सकाळी सहा एका खुर्चीत बसायचं, आणि इमारतीतली माणसाएवढी यांत्रिक बाहुली अंधारात फिरत असतात. शस्त्र नाही, पळायला जागा नाही. डावीकडं एक दार, उजवीकडं एक, आणि समोर कॅमेऱ्यांचा पडदा. दार लावून घेतलं की वीज खर्च होते. बोळातला दिवा लावला, कॅमेरा पाहिला, तरी होते. काहीच केलं नाही तरी थोडी थोडी गळतच राहते. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेल्या विजेचा आकडा उतरत जातो. तो शून्यावर आला की दारं आपोआप उघडतात, सगळं काळं होतं आणि डाव्या दारात एक चेहरा लुकलुकायला लागतो. सोबत खेळण्यातल्यासारखी गोड धून.

बाहुल्यांपेक्षा भीती त्या आकड्यात आहे! परळीकराला हे वेगळं समजावायला नको. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातलं पाणी आटत जाताना या गावानं पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१३मध्ये दुष्काळात पाण्यावाचून थर्मलचे सगळे संच थांबले. कोळसा असून भागत नाही, वाफेला पाणी लागतं. संकट अचानक आलं नव्हतं, रोज थोडं थोडं दिसत होतं.

आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत. दचकणं वेगळं आणि धास्ती वेगळी. फटाका वाजला की अंग आपोआप आक्रसतं, ते दचकणं. तोच आवाज पाचव्यांदा आला की अंग त्याला सरावतं. धास्ती मात्र काही घडायच्या आधीची असते आणि वाट पाहण्यावर पोसते. नुसते किंचाळणारे चेहरे अंगावर फेकणारे गेम मला म्हणूनच आळशी वाटतात.

आणि इथं गेमच्या हाती जे आहे ते सिनेमाच्या हाती नाही. सिनेमात आपण डोळे मिटले तरी नायिका जिना चढतेच. गेममध्ये ती चढत नाही. आपण बटण दाबेपर्यंत जिना तसाच थांबतो, तासभरसुद्धा. भीतीकडं चालत जाणारे पाय आपलेच असतात. स्वीडनमधल्या फ्रिक्शनल गेम्सच्या 'ॲम्नेशिया'त (२०१०) तर दारसुद्धा माउस हळूहळू ओढून उघडावं लागतं, म्हणजे फट किती ठेवायची हेही आपणच ठरवायचं. राक्षसाकडं पाहिलं की पात्राचं भान सुटत जातं, म्हणून भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. तो कुठं आहे हे मग कानांनीच ओळखायचं.

लहानपणी ऐकलेल्या भुतांनाही असेच काटेकोर नियम होते. मुंजा पिंपळावरच. हडळीचे पाय उलटे. आणि चकवा! रात्री वाट चालणारा माणूस कितीही चालला तरी फिरून त्याच झाडापाशी येतो. जपानी गेमकार हिदेओ कोजिमानं २०१४मध्ये 'पी.टी.' नावाचा छोटासा गेम आणला. त्यात घरातला एक काटकोनात वळणारा बोळ आहे. शेवटचं दार उघडलं की आपण पुन्हा त्याच बोळाच्या सुरुवातीला. फक्त दर फेरीला काहीतरी किंचित बदललेलं असतं. त्याला चकवा हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही, पण दाखवला आहे तो चकवाच. ओळखीची जागा जराशी परकी झाली की मन आपणहून उरलेलं सगळं रचू लागतं.

१९९९च्या 'सायलेंट हिल'मधलं धुकंही असंच. त्या काळच्या प्लेस्टेशनला दूरवरचं शहर रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून ते धुक्यात झाकलं. खिशातला रेडिओ खरखरला की समजायचं, जवळ काहीतरी आहे. दिसत काहीच नाही. यंत्राची उणीवच त्या गेमचा जीव ठरली.

मला सगळ्यात थक्क करतं ते 'एलियन: आयसोलेशन'मधलं जनावर. हाही गेम २०१४चाच. त्याच्यामागं दोन मेंदू आहेत. एकाला आपण कुठं लपलोय ते कायम ठाऊक असतं, पण तो जनावराला पुरतं सांगत नाही, नुसती दिशा सुचवतो. दुसरा मेंदू जनावराचा. तो स्वतःच्या डोळ्या-कानांनी हुडकतो. त्यामुळं ते खरोखर शोधतंय असं वाटतं. आणि आपल्यावरचा ताण फार वाढला की पहिला मेंदू जनावराला लांब नेतो. श्वास घ्यायला सवड मिळाली नाही तर माणूस भीतीलाही सरावतो, हे बनवणाऱ्यांनी ओळखलं होतं.

आजीलाही हे ठाऊक होतं. गोष्ट ऐन रंगात आली की ती वात खाली करायची, उठून पाणी प्यायची, शेजारच्या म्हशीची चौकशी करायची. आम्ही जरा सैल झालो की मग आवाज उतरवून पुन्हा गोष्टीतल्या विहिरीपाशी. तेवढ्यात लाइट यायची. बाहेर पुन्हा गलका, पंखा गरगरायला लागायचा, आजी फुंकर मारून कंदील विझवायची. "राहिलेली उद्या," म्हणायची. दुसऱ्या दिवशी लाइट जायचीच नाही. त्या विहिरीच्या काठावर कोण उभं होतं, ते मला आजही माहीत नाही.