उडत्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची कसोटी

अवरक्त किरणांच्या ज्योतिर्विदाची मूळ अडचण अशी, की त्याला हवा असलेला प्रकाश आणि नको असलेला उजेड हे एकाच जातीचे असतात. सुमारे 10 मायक्रॉन तरंगलांबीला भिंती, माणसे, दुर्बिणीचा आरसा, किंबहुना माथ्यावरचे आकाशही स्वतःच्या उष्णतेनेच तेजाळलेले असते, आणि त्यात तारा हुडकणे म्हणजे भर दुपारी काजवा शोधणे होय. म्हणून बोइंग 747 एसपी विमानात 2.5 मीटरची दुर्बीण वाहणाऱ्या 'सोफिया' या अमेरिकी-जर्मन वेधशाळेसाठी कॉर्नेल विद्यापीठात टेरी हर्टर यांच्या नेतृत्वाखाली 'फोरकास्ट' हा कॅमेरा घडला, तेव्हा त्याला द्रवरूप नायट्रोजन व हेलियम यांच्या साह्याने अतिशीत करूनच कामास जुंपणे भाग होते.

प्रयोगशाळेत अशा यंत्राची रुजवात घालण्याची रीत सरळ आहे: प्रथम त्याला संपूर्ण अंधारात ठेवून त्याची स्वतःची कुरबुर मोजायची, मग ज्ञात तापमानाच्या कृष्णपदार्थाकडे वळवून तो किती इमानाने उत्तर देतो ते पाहायचे. त्याही पलीकडे जाऊन पालोमार पर्वतावरील 200 इंची दुर्बिणीवर त्याने खऱ्या आकाशाचे वेध घेतले. परंतु वातावरणातील बाष्प 30 मायक्रॉनच्या आसपासचा मार्ग जवळजवळ रोखूनच धरते, आणि 5 ते 40 मायक्रॉनच्या त्याच्या कार्यक्षेत्रातील नेमका हाच दीर्घ तरंगांचा भाग जमिनीवरून आकाशाकडे पाहून तपासता येण्याजोगा नव्हता. तो दाखला सुमारे 12 किलोमीटर उंचीवरच मिळणार होता.

शिवाय कॅमेरा बसे तो माणसांच्याच दालनात! दुर्बीण उघड्या कोनाड्यात, उपकरण मात्र दाबयुक्त केबिनच्या बाजूस. तेव्हा उफाळणारे हेलियम कोठून निसटेल, या शंकेचे निरसन झाल्याखेरीज विमान-सुरक्षेच्या अधिकाऱ्यांची मंजुरी मिळणार नव्हती. माझ्या मते ही दुसरी परीक्षा पहिलीहून कमी मोलाची नव्हती.

उड्डाणात दुर्बिणीचा दुय्यम आरसा झपाट्याने डोलवून तारा व शेजारचे रिते आकाश आलटून-पालटून टिपत आणि एकातून दुसरे वजा करत; उरे तो वेध. 26 मे 2010 रोजी याच रीतीने गुरूची व एम 82 दीर्घिकेची पहिली चित्रे हाती आली, आणि गुरूच्या ढगांच्या फटींतून त्याच्या अंतर्भागाची उष्णता पाझरताना दिसली. कॅमेरा कसोटीस उतरला होता.

चालविण्याचा खर्च परवडत नाही, या सबबीवर सप्टेंबर 2022 मध्ये 'सोफिया'चे वेध थांबविण्यात आले. ते विमान आता ॲरिझोनातील टूसॉन येथील पिमा विमानसंग्रहालयात आहे.