फरक पडला, पण किती?

आज आपण इफेक्ट साइज म्हणजे काय ते पाहणार आहोत. नाव इंग्रजी असलं तरी प्रश्न आपल्या बांधावरचाच आहे. नवं बियाणं घेऊन कोणी गावात आलं, की वऱ्हाडातला शेतकरी विचारतो, "थे सारं ठीक हाय, पण फरक किती पडते?" औषध किंवा समुपदेशन म्हटलं की मात्र आपण हा 'किती' विचारायचं विसरतो. "संशोधनात लक्षणीय फरक आढळला" एवढं वाचून आपलं समाधान होतं.

इथे 'लक्षणीय' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. खरा फरक नसताच, तर निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी होती, एवढंच तो सांगतो. फरक मोठा आहे, असं तो सांगत नाही. हजारो लोक तपासले तर अगदी किरकोळ फरकही 'लक्षणीय' ठरतो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं. अठरा महिन्यांनी ते २७.२ टक्के झालं.

हाच निकाल दोन तऱ्हांनी सांगता येतो. भागाकार केला तर 'सहापट वाढ'. वजाबाकी केली तर 'शंभरात २३ माणसं जास्त'. दोन्ही खरं आहे, पण दोन्ही तेवढंच भरवशाचं नाही. का ते पाहा. सर्वेक्षणात सगळं गाव मोजत नाहीत, नमुना घेतात. म्हणून प्रत्येक आकड्याला एक पल्ला असतो, त्याला विश्वास अंतराल म्हणतात. इथे सुरुवातीच्या आकड्याचा पल्ला १.५ ते ७.१ टक्के होता. आता शेवटचा आकडा २७.२ तसाच धरू. सुरुवात १.५ असेल तर वाढ अठरापट होते, ७.१ असेल तर चौपटही भरत नाही. वजाबाकी मात्र शंभरात २० ते २६ या दरम्यानच राहते. पाया लहान असला की 'पट' फार हलतो. म्हणून 'इतकी पट' ऐकलं, की "कशाच्या?" हे आधी विचारायचं.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. विश्रामच्या अभ्यासात आधीचं आणि नंतरचं अशी दोन सर्वेक्षणं झाली. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं नव्हती. दीड वर्षात एवढी वाढ आपोआप होणं अवघड आहे, हे खरंच. पण त्याच काळात एखादा नवा डॉक्टर आला असेल, सरकारी मोहीम चालली असेल, तर त्यातला वाटा किती, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही.

तुलनेचा गट असला की काय होतं, ते गोव्यात दिसलं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ प्रौढांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एकाला केंद्रातले सुधारित नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्यासोबत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या भेटी. हा अभ्यासही २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटातले? ३९ टक्के! माणूस दवाखान्यात जातो तेव्हा त्याचं दुखणं बहुधा ऐन जोरात असतं. पुढे काळानंही थोडा उतार पडतो. तुलनेचा गट नसता तर आपण सगळे ६४ समुपदेशनाच्या खात्यात लिहिले असते. खरी भर शंभरात २५ ची. म्हणजे चार जणांना समुपदेशन दिलं, तर एक जण जास्तीचा बरा होतो. अकोल्यातल्या एखाद्या तालुक्यासाठी समुपदेशक किती लागतील, हे ठरवताना कामाला येतो तो हा चारचा हिशोब.

आता मोजपट्टीच वेगळी असेल तर? कापूस एकरी एक क्विंटल जास्त झाला, हे खूप की थोडं? सगळ्या वावरांत उत्पन्न जवळपास सारखंच असेल तर खूप. एका वावरात तीन आणि शेजारी बारा क्विंटल होत असेल, तर तो एक क्विंटल त्या चढउतारात हरवतो. म्हणून फरकाला या पसाऱ्यानं, म्हणजे प्रमाण विचलनानं, भागतात. गोव्यात नैराश्याच्या गुणांकातला फरक साधारण साडेसात होता आणि पसारा पंधराच्या आसपास. भागाकार आला सुमारे अर्धा. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञानं ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा, अशी ढोबळ वाटणी केली होती. ती ढोबळच समजायची. स्वस्त आणि निर्धोक उपायाचा 'लहान' परिणामही हजारो लोकांत मोलाचा ठरतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी आरोग्याची बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. शंभरात किती? पल्ला केवढा? तुलना कोणाशी? विश्रामचा आकडा या नजरेनं पुन्हा वाचा. सहापट वाढ झाली, आनंदच आहे. पण त्याच आकड्यात हेही लिहिलंय, की नैराश्य असलेल्या शंभरांपैकी ७३ जण अजून उपचारापर्यंत पोहोचलेच नव्हते. पुढचं काम त्यांच्यासाठी करायचं आहे.