ताऱ्यातले लोखंड, रक्तातले लोखंड

कचेरीत फायलींचा ढीग आला की आम्ही आधी कव्हरच्या रंगावरून गठ्ठे लावतो, मग निवडक फायली उघडून वाचतो. खगोलशास्त्रज्ञही आकाशात हेच करतात.

हायड्रोजन व हेलियम सोडून बाकी साऱ्या मूलद्रव्यांना ते 'धातू' म्हणतात. विश्वाच्या आरंभी हे धातू जवळपास नव्हतेच. ते ताऱ्यांच्या पोटात शिजले, हे १९५७ साली फ्रेड हॉईल व तीन सहकाऱ्यांनी सविस्तर मांडले. पुण्याची 'आयुका' उभारणारे डॉ. जयंत नारळीकर हॉईल यांचेच विद्यार्थी. तेव्हा ज्या ताऱ्यात धातू फार कमी, तो बहुधा फार जुना.

धातू ताऱ्याचा जांभळा प्रकाश गिळतात. म्हणून धातूंनी गरीब तारा तेवढ्याच तापलेल्या दुसऱ्या ताऱ्यापेक्षा जांभळ्या गाळणीतून उजळ दिसतो. असे तारे निवडायचे, त्यांचा वर्णपट पसरायचा आणि लोखंडाच्या काळ्या रेषा तपासायच्या. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील स्कायमॅपर दुर्बिणीने हेरलेल्या एका ताऱ्यात लोखंडाची रेषा सापडलीच नाही!

तूळ राशीतील 'एचडी १४०२८३' या ताऱ्यात सूर्याच्या सुमारे अडीचशेवा हिस्सा लोखंड आहे. मे महिन्यात तोरणमाळच्या अंधारात नकाशा घेऊन शोधल्यास तो दोन डोळ्यांच्या साध्या दुर्बिणीतूनही दिसतो. रास म्हटली म्हणून त्यात भविष्य मात्र शोधू नका.

बंधुभगिनींनो, आपल्या रक्तातले लोखंडही ताऱ्यांनीच घडवले. मुलीला दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी कोनाड्यात पडू देऊ नका. सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या. लोखंडाची कमतरता ताऱ्याला शोभते, आपल्या लेकीला नाही.