फोन बदलला की यूपीआय का अडतं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत नवा फोन घेतला आणि लगेच गुजरीत दागिन्याचे पैसे यूपीआयने द्यायला गेलात, तर मोठी रक्कम अडते. फोन बदलल्यावर पहिल्या 24 तासांत साधारण 5,000 रुपयांचीच मर्यादा असते. नव्या फोनवर ॲप तुमच्याच सिममधून एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. चोरानं तुमच्या नावे डुप्लिकेट सिम काढलंच, तर दूरसंचार विभागाच्या 2022 च्या आदेशानुसार त्यावर 24 तास एसएमएस बंद राहतात. तेवढ्यात आपल्या फोनचं नेटवर्क गेलेलं ध्यानात येतं, बँकेला कळवता येतं. पंचगंगेच्या पुरात फोन गेलेल्याला हा खोळंबा जाचेल, खरंय. तरी तो असावाच, असं मला वाटतं. मोठा व्यवहार जुन्या फोनवरच आधी उरकून घ्या.