शेवाळ कोण खाईल?

प्रवाळ जिवंत ठेवण्यासाठी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी नव्याने मांडली, की पहिल्या काही आठवड्यांत एक गोष्ट हमखास घडते. काचेवर आणि दगडांवर तपकिरी भुकटी पसरल्यासारखी दिसू लागते. बोट फिरवले की निघते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होते. ही डायॅटम, म्हणजे करंडक शैवाले. पाण्यातील सिलिका वापरून ती आपल्या पेशीची पेटी बनवतात. सिलिका संपत आली की ती बहुधा आपसूक ओसरतात. मग हिरवा थर येतो, आणि काही टाक्यांत त्यामागून केसांसारखे लांब हिरवे तंतू येतात. खरी चिंता या तंतूंची असते. ते प्रवाळांवर सावली धरतात, त्यांच्या अंगाला घासतात, आणि प्रवाळाची जिवंत त्वचा कडेने मागे सरकू लागते. टाकीचा मालक घाबरून दुकानात जातो आणि म्हणतो, "शेवाळ खाणारा एखादा प्राणी द्या."

ही मागणी म्हणजे "गवत खाणारा प्राणी द्या" असे म्हणण्यासारखी आहे. गाय उंच गवताला जिभेचा वेढा घालून ओढते, मेंढी जमिनीलगत कुरतडते, शेळीला झुडपाचा पाला हवा असतो. एकाच माळावर तिघी चरल्या तरी तिघींचे खाणे वेगळे. समुद्रातही असेच आहे. म्हणून आधी टाकीतले शेवाळ कोणते ते ओळखायचे, मग प्राण्याचे तोंड पाहायचे, आणि मगच निवड करायची.

तोंडापासूनच सुरुवात करू या. समुद्री गोगलगाईच्या तोंडात रॅड्युला नावाची फीत असते. तिच्यावर बारीक दातांच्या ओळीच ओळी असतात. ही फीत कानशीसारखी पुढेमागे फिरते आणि दगडावरचा थर खरवडते. काचेवर चाललेल्या गोगलगाईच्या मागे नागमोडी स्वच्छ रेघ उमटते, ती या कानशीची. लिंपेट या टोपीसारख्या कवचाच्या प्राण्याच्या दातांत गोएथाइट हे लोहखनिज असते. २०१५ साली ब्रिटनमधील पोर्ट्‌समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी या दातांची ताणशक्ती मोजली, तेव्हा तोवर मोजलेल्या सर्व जैविक पदार्थांत ती सर्वाधिक भरली. कायटन या प्राण्याच्या दातांत तर मॅग्नेटाइट असते आणि ते चुंबकाला ओढले जातात. इतके भक्कम हत्यार असूनही बहुतेक लहान गोगलगाईंना पातळ थरच मानवतो. नेराइट किंवा सेरिथ जातीच्या गोगलगाई बोटभर लांब तंतूंपुढे हतबल असतात. मोठ्या आकाराची टर्बो गोगलगाय तंतूंवरही ताव मारते. पण ती बुलडोझरसारखी चालते आणि नीट न चिकटवलेला प्रवाळ सहज लोटून देते.

सी-अर्चिन या काटेरी गोळ्याच्या पोटाच्या बाजूला पाच दातांचा एक यांत्रिक जबडा असतो. त्याचे वर्णन ॲरिस्टॉटलने केले होते, म्हणून त्याला 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात. सी-अर्चिन तंतू खातो, थर खातो, आणि दगडावरचे गुलाबी-जांभळे चुनखडी शैवालही खरवडतो. हे चुनखडी शैवाल टाकीत हवेसे असते, कारण प्रवाळांच्या अनेक जातींची पिल्ले त्याच्या सान्निध्यातच दगडावर बसतात. तेव्हा लहान टाकीत मोठा सी-अर्चिन सोडला, तर नको त्याबरोबर हवे तेही जाते.

माशांत सर्जनफिशचे कुळ प्रसिद्ध आहे. शेपटीच्या बुडाशी शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा धारदार काटा असतो, म्हणून हे नाव. याच कुळातील पिवळा झेब्रासोमा निमुळत्या तोंडाने तंतू खुडतो. त्याच्या नात्यातल्या टेनोकीटस माशाचे दात मात्र ब्रशच्या केसांसारखे लवचीक असतात. तो दगडावरची करंडक शैवाले आणि गाळ झाडून घेतो. तंतू तोडणे त्याच्या दातांना जमतच नाही. दुकानात दोघांवरही 'शेवाळ खाणारा' अशीच चिठ्ठी असते. शिवाय यातील बरेच मासे वीतभर किंवा त्याहून मोठे होतात आणि दिवसभर पोहत फिरतात. चार फुटांहून लहान टाकीत त्यांना ठेवणे, हे आमच्या मते निवडीत बसूच नये.

काही प्राण्यांची आवड फारच अरुंद असते. व्हॅलोनिया हे शैवाल हिरव्या मण्यासारखे दिसते आणि एकेक मणी ही एकच प्रचंड पेशी असते. मिथ्रॅक्युलस हा हिरवा खेकडा चमच्यासारख्या नांग्यांनी हे मणी वेचतो. ब्रायोप्सिस या पिसांसारख्या शैवालाला बहुतेक प्राणी तोंड लावत नाहीत. एलिसिया ही पानासारखी दिसणारी गोगलगाय मात्र त्याच्यासारख्या शैवालांच्या पेशीतला रस शोषते आणि त्यातील हरितलवके काही काळ स्वतःच्या अंगात ठेवते. लालसर चिकट साय दिसली, तर ते शेवाळ नव्हेच. ते नील-हरित जीवाणू, आणि त्यांच्यावर भरवशाने चरणारा प्राणी जवळजवळ नाही.

आता निवडीतल्या चुका. परदेशातील एका प्रयोगशाळेत आम्ही एकदा टाकीसाठी डझनभर ॲस्ट्रिया गोगलगाई आणल्या. काम उत्तम करत होत्या. पण ही गोगलगाय वाळूवर उताणी पडली, की तिला सहसा स्वतःहून सरळ होता येत नाही. रोज सकाळी दोन-तीन उताण्या सापडत. ज्या आमच्या नजरेतून सुटल्या, त्या खेकड्यांनी संपवल्या. ट्रोकस जातीच्या गोगलगाईला उलटून सरळ होता येते, एवढी एकच माहिती आधी काढली असती, तर हे टळले असते. काही गोगलगाई थंड समुद्रातून आणून उष्ण कटिबंधातल्या म्हणून विकल्या जातात आणि २५-२६ अंश सेल्सियसच्या पाण्यात हळूहळू मरतात. माशांच्या रोगावर दिलेले तांब्याचे औषध तर अपृष्ठवंशी प्राण्यांना विषच ठरते.

सर्वांत वाईट चूक मात्र यशातूनच उद्भवते. डोलाबेला हा 'समुद्रससा' केसाळ शेवाळ झपाट्याने फस्त करतो. टाकी स्वच्छ होते, मालक खूष होतो, आणि त्याच दिवसापासून प्राण्याची उपासमार सुरू होते. लॉनमोअर ब्लेनी हा मासाही असाच. दगड चकचकीत आणि त्याचे पोट खपाटीला. म्हणून प्राणी घेण्यापूर्वी विचारायचे, की शेवाळ संपल्यावर हा काय खाईल? वाळवलेले समुद्रशैवाल तो खात असेल तर ठीक, नसेल तर तो दुसऱ्या शेवाळलेल्या टाकीत हलवण्याची सोय हवी.

इथे एक हिशेबही पाहायला हवा. शेवाळ वाढते ते प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट यांच्यावर. गोगलगाईने शेवाळ खाल्ले, की त्यातील नत्राचा थोडाच भाग तिच्या शरीरात राहतो. उरलेला अमोनिया आणि विष्ठा या रूपाने पाण्यात परततो, जीवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि शेवाळ पुन्हा तयार. हाताने उपटून बाहेर टाकलेले मूठभर शेवाळ मात्र आपला नत्र व स्फुरद घेऊनच टाकीबाहेर जाते. कित्येकदा शेवाळाने भरलेल्या टाकीत नायट्रेटची चाचणी शून्य दाखवते आणि मालक बुचकळ्यात पडतो. कोडे सोपे आहे: नायट्रेट पाण्यात नाही, कारण ते शेवाळात गेले आहे. याच तत्त्वावर अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी वेगळ्या जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून ते नियमित खरवडून टाकण्याची पद्धत विकसित केली. माशांना खाद्य बेताने घालणे आणि शेवाळ बाहेर काढणे ही कामे आपली. प्राणी फक्त उरलेले शेवाळ आखूड ठेवतो.

आखूड ठेवणे हेही लहान काम नाही. जमैकाच्या प्रवाळभित्तींवरील अतिमासेमारीमुळे शैवालभक्षी मासे फार कमी झाले होते. चरण्याचे काम मुख्यतः डायडेमा या लांब काट्यांच्या सी-अर्चिनवर येऊन पडले, आणि तो ते करतही होता. १९८३-८४ साली एका रोगाने कॅरिबियन समुद्रातील ९० टक्क्यांहून अधिक डायडेमा मेले. १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने मोडलेले प्रवाळ तेव्हा सावरत होते. त्यांच्यावर शेवाळ चढले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या भित्तींचा ५० टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी तो ५ टक्क्यांहूनही कमी उरला. २०२२ साली कॅरिबियनमधील डायडेमांवर पुन्हा रोग आला. या वेळी त्याचे कारण सापडले, एक पक्ष्माभिकायुक्त एकपेशीय जीव.

एकाच तोंडावर विसंबण्यातला धोका प्रयोगानेही दिसला आहे. फ्लोरिडाच्या समुद्रात पिंजरे लावून केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. काही पिंजऱ्यांत फक्त पोपटमासे, काहींत फक्त सर्जनफिश, काहींत दोन्ही ठेवले. पोपटमाशांनी उभे वाढणारे मोठे शेवाळ खाल्ले, सर्जनफिशनी बारीक तंतू. दोन्ही मासे एकत्र असलेल्या पिंजऱ्यांत शेवाळ कमी राहिले आणि प्रवाळ अधिक वाढले. टाकीतही एकाच जातीच्या तीस गोगलगाईंपेक्षा दोन-तीन जातींचे थोडे थोडे प्राणी घ्यावेत, आणि तेही एकदम नव्हे, शेवाळ पाहून.

शाळेत प्रवाळांची टाकी मांडा, असे आम्ही सुचवणार नाही. ती खर्चिक असते, शिवाय आपल्या किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते उचलणे गुन्हा आहे. पण तोंडाचा अभ्यास वर्गात करता येतो. काचेच्या दोन बरण्यांत तळ्याचे पाणी भरून खिडकीत ठेवा. पंधरा-वीस दिवसांत काचेवर हिरवा थर धरेल. मग एका बरणीत तळ्यातल्या दोन लहान गोगलगाई सोडा. बरणीच्या बाहेरून भिंगातून पाहिले, तर तोंड उघडून काच चाटणारी रॅड्युला दिसते. मुलांना रोज काचेवरच्या स्वच्छ रेघा कागदावर उतरवून घ्यायला सांगा, आणि थर संपत आला की गोगलगाई जिथून आणल्या त्याच तळ्यात नेऊन सोडायला सांगा. कोकणातल्या शिक्षकांना तर ओहोटीच्या वेळी खडकांवर नेराइट, टर्बो आणि कायटन जागच्या जागीच दाखवता येतील.