दूरपल्ल्याच्या प्रवासासाठी मोटारसायकलीची सिद्धता : भार, वीज व उष्णता यांचा हिशेब

जून उजाडला की पुणे, मुंबई, नाशिक येथून लडाखच्या दिशेने मोटारसायकलस्वारांचे तांडे निघू लागतात. त्यांतील पुष्कळशी वाहने तत्पूर्वी महिना-पंधरा दिवस एखाद्या कारागिराच्या हाती असतात. मागे लोखंडी चौकट व तिच्यावर तीन पेट्या, पुढे दोन जादा दिवे, हँडलवर फोनसाठी पकड, इंजिनाभोवती संरक्षक नळ्या, बाजूस पेट्रोलचा डबा, असा सरंजाम चढला की वाहन प्रवासास सिद्ध झाले असे मानण्याचा प्रघात आहे. हा प्रघात कितपत सयुक्तिक आहे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मोटारसायकलीची रचना करणारा अभियंता भार, विद्युत्शक्ती आणि उष्णतेचा निचरा या तिन्ही बाबतींत काही राखीव क्षमता ठेवीत असतो. आपण चढवलेली प्रत्येक वस्तू त्या शिलकीतून काही ना काही खर्च करते. हा खर्च आधी कागदावर मांडला तर खरेदीची यादी बहुधा निम्म्यावर येते, आणि जे उरते ते कोठे व कसे बसवावे हेही उमगते.

उदाहरण म्हणून २०१६ साली बाजारात आलेली रॉयल एन्फील्ड हिमालयन ही ४११ सी. सी. ची मोटारसायकल घेऊ. २०२३ च्या अखेरीस ४५२ सी. सी. च्या नव्या गाडीने तिची जागा घेतली, तरी जुन्या गाड्या रस्त्यावर विपुल आहेत. तिच्या शेवटच्या काळातील आवृत्तीचे वजन पेट्रोल-तेलासह १९९ किलो, दोन आसांमधील अंतर १,४६५ मिलिमीटर, टाकी १५ लिटरची, पुढचे चाक २१ इंची व मागचे १७ इंची, आणि शक्ती सुमारे २४ अश्वशक्ती आहे. प्रवासी साहित्यानिशी स्वाराचे वजन ८५ किलो आणि सामान ३६ किलो धरले तर एकूण वस्तुमान ३२० किलो होते. पुढील सर्व आकडेमोड याच वस्तुमानाची आहे.

प्रथम भाराचा विचार. सामान किती आहे यापेक्षा ते कोठे आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, आणि नेमका तोच सर्वांत उपेक्षित राहतो. मागील आसनापलीकडच्या पेटीत १५ किलो सामान भरले आणि त्याचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या ३०० मिलिमीटर मागे आला असे समजू. तरफेच्या साध्या नियमाने मागील चाकावरचा भार १५ नव्हे तर सुमारे १८ किलोंनी वाढतो, आणि पुढील चाकावरचा ३ किलोंनी घटतो. म्हणजे सामान ठेवूनही पुढचे चाक हलके झाले. तेच १५ किलो दोन आसांच्या मध्यावर ठेवले असते तर प्रत्येक चाकाने साडेसात किलो उचलले असते. तीन किलो हा आकडा क्षुल्लक वाटेल, परंतु चढावर आणि गती वाढविताना भार आधीच मागे सरकत असतो, व दिशा देण्याचे सारे काम त्या हलक्या झालेल्या चाकाकडेच असते.

याहून गंभीर परिणाम जडत्वाच्या परिबलाचा आहे. वाहनाच्या गुरुत्वमध्यापासून सामानाचे अंतर तिप्पट झाले की त्या सामानाचे परिबल नऊपट होते. टाकीवरच्या थैलीतील अवजारे आणि शेपटीवरच्या पेटीतील अवजारे वजनाच्या काट्याला सारखीच असली, तरी वाहनाला ती सारखी नसतात. रॉबिन शार्प यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात मोटारसायकलीच्या अस्थैर्याचे तीन प्रकार वेगळे काढले होते. त्यांतील एकात हँडलच वेगाने थरथरते, दुसऱ्यात वाहन सावकाश एका बाजूस कलंडत जाते, आणि तिसऱ्यात सगळे वाहन सर्पगतीने, सेकंदाला साधारणपणे दोन ते चार वेळा, डावी-उजवीकडे झुलते. हे झुलणे शमविण्याची वाहनाची अंगची शक्ती वेग वाढेल तशी क्षीण होते, आणि मागे व उंचावर लादलेला भार ती आणखी क्षीण करतो. रिकाम्या गाडीवर ताशी १०० किलोमीटरला ज्याची चाहूलही लागत नाही, ते भरल्या गाडीवर महामार्गाच्या एखाद्या सांध्यावर अकस्मात सुरू होऊ शकते. अशा वेळी हँडल घट्ट आवळून धरणे आणि जोराने ब्रेक दाबणे या दोन्ही स्वाभाविक प्रतिक्रिया घातक आहेत. हात सैल ठेवून वेग हळूहळू उतरू देणे हाच उपाय. अर्थात् तशी पाळी न येऊ देणे अधिक श्रेयस्कर.

म्हणून जड वस्तू, म्हणजे अवजारे, सुटे भाग, पाणी, या खाली आणि शक्य तितक्या पुढे असाव्यात. शेपटीवर कपडे व निजण्याची पिशवी एवढेच असावे. धातूच्या कडक पेट्यांविषयी माझे मत काहीसे प्रतिकूल आहे. त्या कुलूपबंद राहतात हे खरे, परंतु चौकटीसह त्यांचे स्वतःचेच वजन पुष्कळ असते, आणि चिखलात गाडी आडवी झाली असता पाय त्यांच्याखाली अडकण्याचे भय असते. जाड कापडी थैल्या चोराला अडवीत नाहीत, पण हाडे मोडीत नाहीत.

भाराची वाटणी प्रत्यक्ष मोजणे अवघड नाही. भंगार व्यापाऱ्याकडे जो सपाट काटा असतो त्यावर एक चाक ठेवावे, दुसऱ्या चाकाखाली तितक्याच उंचीची फळी द्यावी, स्वाराने आसनावर बसावे, आणि मित्राने गाडी सरळ धरून आकडा वाचावा. मग चाके बदलून पुन्हा वाचावा. दोन्ही आकड्यांची तुलना टायरच्या बाजूवर छापलेल्या भारांकाशी व वाहनाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी केली म्हणजे तर्काला जागा उरत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीही हा प्रयोग एकदा तरी करून पाहावा असा आहे.

भार वाढला की मागची स्प्रिंग दबते. येथे एक गैरसमज फार रूढ आहे. स्प्रिंगवरचे कडे फिरवून पूर्वदाब वाढविला की स्प्रिंग 'कडक' होते असे कारागीरही सांगतात. वस्तुतः स्प्रिंगचा ताठरपणा तोच राहतो. बदलते ती गाडीची उंची. तरीही हे समायोजन आवश्यक आहे, कारण मागची बाजू खाली बसली की पुढच्या काट्याचा कल वाढतो, वळणावर गाडी जड वाटू लागते, आणि पुढच्या दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. हिमालयनच्या मागील चाकास १८० मिलिमीटर चाल आहे. भरल्या गाडीवर स्वार बसल्यानंतर त्यांपैकी एक-तृतीयांश, म्हणजे ६० मिलिमीटरच्या आसपास, खर्ची पडावी हा सर्वमान्य ठोकताळा. कडे शेवटपर्यंत फिरवूनही गाडी याहून अधिक बसत असेल, तर एक तर स्प्रिंग बदलावी किंवा सामान उतरवावे. दुसरा उपाय विनाखर्च आहे. साखळीचा ढिलेपणाही भरल्या गाडीवर तपासावा. रिकाम्या गाडीवर नेटकी दिसणारी साखळी स्प्रिंग दबताच ताठ होते, आणि तो ताण गिअरपेटीच्या दांड्याच्या बेअरिंगवर येतो.

आता विजेचा जमाखर्च. मध्यम आकाराच्या मोटारसायकलीचे जनित्र समजा पूर्ण गतीत २२० वॉट देते. पुढच्या दिव्यास ५५ वॉट लागतात, आणि एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींत तो दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, म्हणजे हा खर्च टळत नाही. इंधनपंप, प्रज्वलन व नियंत्रक मिळून ६०-७० वॉट, मागचा दिवा व मापके १० वॉट धरली की सुमारे ९० वॉट शिल्लक उरते. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे लावले की हिशेब तुटीत गेला. त्यांऐवजी २० वॉटचे दोन एल. ई. डी. दिवे, फोनसाठी १५ वॉट आणि हँडलच्या गरम मुठींसाठी ३५ वॉट घेतले तर जमाखर्च कसाबसा जुळतो, पण तोही पूर्ण गतीत. मंद गतीत जनित्राची निष्पत्ती पुष्कळ कमी होते. खिंडीत वाहनांच्या रांगेत तासभर रांगताना सर्व उपकरणे चालू ठेवली की तूट बॅटरी भरून काढते, आणि तंबूपाशी पोहोचून इंजिन बंद केल्यावर ते पुन्हा सुरू होत नाही. मग बिचाऱ्या बॅटरीला दोष दिला जातो.

तारेच्या जाडीकडे तर कोणी पाहतच नाही. स्वस्त दिव्यांबरोबर पुष्कळदा अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार येते. तिचा रोध मीटरला सुमारे ०.०३४ ओहम. जाऊन-येऊन चार मीटर तार आणि ११० वॉटच्या हॅलोजनसाठी लागणारा सुमारे ९ अँपिअर प्रवाह धरला, तर सव्वा व्होल्ट तारेतच जिरतो. दाबात एक-दशांश घट झाली एवढेच यावरून वाटेल. परंतु तापदीप्त दिव्याचा प्रकाश दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणून प्रकाश जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हाच ऱ्हास पाव व्होल्टवर येतो. ज्याला दिवे मंद वाटतात त्याने नवे दिवे घेण्यापूर्वी तार व रिले पाहावे. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. त्याचे काम तारेचे रक्षण करणे हे आहे, दिव्याचे नव्हे.

इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या खटाटोपाविषयी थोडक्यात लिहितो. तंगलंग ला ही मनाली-लेह मार्गावरची सर्वांत उंच खिंड सुमारे ५,३०० मीटरवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ५८ टक्के असते, आणि नैसर्गिक श्वसन करणाऱ्या इंजिनाची शक्तीही साधारण त्याच प्रमाणात उतरते. २४ अश्वशक्तीचे १४ होतात. वेगळा धूरनळा किंवा हवागाळणी बसवून मिळणारा अल्पसा लाभ या घटीपुढे नगण्य होय. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या तेथे अधिक इंधनाने गुदमरतात. इंधन-अंतःक्षेपणाच्या गाडीतील दाबसंवेदक ते प्रमाण सुधारून घेतो, शक्ती मात्र परत आणू शकत नाही. टेड सायमन यांनी १९७३ ते १९७७ या काळात जगप्रवास केला तो ५०० सी. सी. च्या ट्रायम्फवर. त्या प्रवासाला अश्वशक्ती कमी पडल्याचे ऐकिवात नाही.

इंधनाचा डबा न्यावा की नाही, हेही मार्गावर ठरते. टांडीच्या पंपावरचा 'पुढील पंप ३६५ किलोमीटरवर' हा फलक प्रसिद्धच आहे. १५ लिटर टाकी व लिटरला ३० किलोमीटर धरल्यास ४५० किलोमीटरची मजल होते; पण भरल्या गाडीने चढावर २५ च दिले तर ती ३७५ वर येते, आणि वाट चुकण्यास वाव राहत नाही. तेथे चार-पाच लिटर जादा इंधन, म्हणजे सुमारे साडेतीन किलो ओझे, समर्थनीय आहे. पुणे-बंगळूर मार्गावर तोच डबा निव्वळ शोभेचा, आणि ज्वालाग्राही शोभेचा.

उंचीवर टायर फुगून फुटतील या भीतीने हवा सोडणारे स्वार आढळतात. पुण्यात ३० अंश तापमानाला ३२ पौंड दाब भरला, तर ५,३०० मीटरवर बाहेरचा दाब घटल्यामुळे मापक सुमारे ३८ दाखवील हे खरे. पण तेथे तापमान शून्याजवळ असेल, तर थंडीमुळे यांतील चार-साडेचार पौंड परत उतरतात, व प्रत्यक्षात आकडा ३३-३४ राहतो. यासाठी हवा सोडली तर भरल्या गाडीची धाव खड्ड्याच्या काठावर आपटून वाकण्याचा धोका तेवढा वाढतो. हिमालयनच्या आऱ्यांच्या चाकांत ट्यूब असल्याने टायर उतरविण्याच्या पट्ट्या आणि जादा ट्यूब जवळ हवीच. एकच न्यावयाची असेल तर २१ इंची न्यावी. अडल्या वेळी ती मागच्या टायरमध्ये दुमडून हळूहळू पुढचे गाव गाठता येते.

राहता राहिली उष्णता. तंगलंग ला वरून लेहपर्यंत सुमारे १,८०० मीटर उतार आहे. ३२० किलो वस्तुमान एवढे उतरले म्हणजे ५६ लाख जूलहून अधिक स्थितिज ऊर्जा कोठेतरी मुरावी लागते. वीस अंशांचे सोळा-सतरा लिटर पाणी उकळीपर्यंत तापविण्यास ती पुरेल. हवेचा विरोध व खालच्या गिअरमधील इंजिन यांनी तिचा मोठा वाटा उचलला तर ब्रेक थंड राहतात. इंजिन 'न्यूट्रल' करून पेट्रोल वाचविणारा स्वार हा सगळा वाटा ब्रेकच्या तबकड्यांवर टाकतो. ब्रेकचे द्रव बाष्पशोषक असते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, तर पाणी मुरलेल्याचा किमान १५५ अंश असावा असे प्रमाण आहे. उकळलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि तरफ हाताशी पोकळ लागते. दोन वर्षांपूर्वीचे द्रव बदलण्यास येणारा खर्च सबंध सरंजामात सर्वांत अल्प असेल, तरी माझ्या यादीत तो पहिला आहे.

कायद्याचाही विचार ओघाने येतोच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. पेट्या बांधणे ही एक गोष्ट आणि सांगाडा कापून वितळजोड करणे ही दुसरी. वितळजोडाने सांगाड्याच्या नळीचे पोलाद जोडालगत दुर्बल होते व पुढे तेथूनच तडा जातो, हे धातुशास्त्रीय कारण न्यायालयाच्या कारणाइतकेच सबळ आहे.

सर्व बसवून झाल्यावर संपूर्ण भारानिशी दोनतीनशे किलोमीटरची एक फेरी करावी. ताम्हिणी किंवा आंबेनळीसारखा घाट त्यात असावा. निघण्यापूर्वी प्रत्येक नव्या बोल्टच्या डोक्यावरून चौकटीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. परतल्यावर जेथे रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट फिरला असे समजावे, आणि तेथे वायसर बदलावा.