तारुण्याची सुई आणि कर्करोगाची शंका

सोलापूर (प्रतिनिधी) : सुरकुत्या घालवणारे, थकवा पळवणारे, वय थोपवणारे म्हणून गाजणारे ‘पेप्टाइड’ आता मलमाच्या डबीतून इंजेक्शनच्या कुपीत येऊन पोचले आहे. अभिनेत्री शेफाली जरीवाला यांचे २७ जून २०२५ रोजी मुंबईत अकस्मात निधन झाले, त्यानंतर वयरोधक औषधांची, विशेषतः ग्लुटाथायोनची चर्चा घरोघरी झाली. मृत्यूशी या औषधांचा संबंध सिद्ध झालेला नाही. ग्लुटाथायोन हे स्वतःच तीन अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड आहे, हे मात्र त्या चर्चेत मागेच राहिले.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. मधुमेही रोज टोचून घेतात ते ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिनही त्याच कुळातले. त्यामुळे ‘पेप्टाइडने कर्करोग होतो का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कोणते पेप्टाइड, त्वचेवर लावायचे की टोचायचे आणि ते शरीराला कोणता निरोप देते, हे पाहावे लागते.

शंकेचे मूळ त्या निरोपात आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील डॉ. डॅनियल रुडमन यांनी साठी ओलांडलेल्या २१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२ जणांना सहा महिने वाढ संप्रेरक देण्यात आले. स्नायू वाढले, चरबी घटली आणि चिरतारुण्याचा बाजार उभा राहिला. आज विकली जाणारी सीजेसी-१२९५ वा इपामोरेलिन ही पेप्टाइडे शरीराला हेच संप्रेरक अधिक स्रवण्यास भाग पाडतात. त्यामुळे रक्तात ‘आयजीएफ-१’ हा घटक वाढतो. तो पेशींना विभाजित होण्यास सांगतो आणि मरण्यापासून रोखतो. निरोगी स्नायूला हे हितकारक; पण शरीरात दडलेल्या कर्करोगाच्या पेशीलाही तोच निरोप मिळतो. वाढ संप्रेरक दीर्घकाळ अधिक असणाऱ्या ॲक्रोमेगाली रुग्णांत आतड्याच्या गाठी अधिक आढळतात. उलट इक्वेडोरमधील लॅरॉन विकाराच्या खुज्या व्यक्तींत ‘आयजीएफ-१’ अत्यल्प असते आणि कर्करोग जवळजवळ दिसत नाही, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

जखम भरण्यासाठी घेतले जाणारे ‘बीपीसी-१५७’ प्राण्यांवरील प्रयोगांत नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करते. गाठीलाही वाढायला रक्तवाहिन्याच लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये या पदार्थाची गणना सुरक्षिततेबाबत शंका असलेल्यांत केली होती.

हा सर्व तर्क आहे, पुरावा नव्हे. आणि तर्क दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. हाडांच्या ठिसूळपणावरील टेरिपॅराटाइड या पेप्टाइडने उंदरांत हाडाचा कर्करोग झाला, म्हणून २००२ मध्ये अमेरिकेत ते ठळक इशाऱ्यासह बाजारात आले. रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यावर माणसांत तसा धोका दिसला नाही आणि २०२० मध्ये तो इशारा काढण्यात आला. याउलट कॅल्सिटोनिन निर्धोक मानले जात होते. दीर्घकाळ वापरणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण किंचित अधिक आढळल्याने २०१२ मध्ये युरोपच्या नियामकांनी त्याच्या वापरावर मर्यादा आणली.

असे निष्कर्ष किती माणसे मोजल्यावर निघतात, हे सोलापूर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मृती रुग्णालयासमवेत उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात केलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीच्या अभ्यासात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या कामाचा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वयरोधक पेप्टाइडांमागे एवढ्या व्याप्तीची, एवढ्या काळाची एकही चाचणी नाही. कर्करोग मात्र प्रकट व्हायला दहा-वीस वर्षेही घेतो. सहा महिन्यांत कोणाला काही झाले नाही, या म्हणण्याला म्हणूनच फारसे वजन नाही.

यातील अनेक कुप्या ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जातात. म्हणजे ते माणसांसाठी मंजूर औषध नव्हे. आत नेमके काय आहे, याचीही हमी कोणी देत नाही. मंजूर औषधाच्या वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. ज्यांना कर्करोग होऊन गेला आहे वा ज्यांच्या जवळच्या नात्यात तो आहे, त्यांनी अशी सुई घेण्यापूर्वी सौंदर्य चिकित्सालयात नव्हे, तर कर्करोगतज्ज्ञाकडे विचारणा करणे आवश्यक आहे. कोणी अशा सुया आधीच घेत असल्यास तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितले पाहिजे, कारण ‘आयजीएफ-१’ची पातळी साध्या रक्ततपासणीतून कळते.